‘कोई शक?’ : लढाईआधी सेनानी जवानांशी काय बोलतो, याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हुकूम आणि भाषण एकच ना?

नाही. लढाईआधीचं बोलणं तीन प्रकारचं असतं. पहिला हुकूम: शत्रू कुठे आणि किती, आपलं काम काय, ते कसं करायचं, दारूगोळा-पाणी-जखमींची सोय काय, आणि वायरलेसवर कोण कुणाशी बोलणार. ही पाच अंगं ठरलेली, त्यांचा क्रमही ठरलेला. भारतीय लष्करात हुकूम देऊन झाला की अधिकारी विचारतो, ‘कोई शक?’ दुसरं म्हणजे ज्याला आपण भाषण म्हणतो ते: हे काम आपल्यावर का आलं आणि ते आपल्याला जमेल असं मला का वाटतं. तिसरा युद्धघोष, अगदी शेवटच्या धावेचा. सिनेमात हे तिन्ही एकत्र कालवतात. सेनापती घोड्यावरून पाच मिनिटं बोलतो आणि फौज तिथूनच तुटून पडते. खऱ्या पलटणीत हुकूम आणि हल्ला यांच्यामध्ये कित्येक तास जातात, आणि हल्ल्याच्या तोंडावर कुणी चकार शब्द काढत नाही.

मग बोलायचं कधी?

वेळेचा हिशेब असा. जेवढा वेळ हाताशी असेल त्यातला एक तृतीयांश वरच्याने घ्यायचा, दोन तृतीयांश खालच्यांसाठी सोडायचा. समजा संध्याकाळी साडेचारला कंपनी कमांडरला काम मिळालं आणि हल्ला पहाटे साडेचारला आहे. बारा तास. त्याने रेकी (जागेची पाहणी), बेत आणि हुकूम हे सगळं साडेआठच्या आत आटपायला हवं, म्हणजे प्लाटून आणि सेक्शन या कंपनीतल्या लहान तुकड्यांच्या कमांडरांना आपापल्या माणसांना समजावायला, शस्त्रं तपासायला आणि जवानांना दोन घास खायला आठ तास उरतात.

जवानांशी बोलायची जागा यात हुकमानंतर आणि निघण्याआधी. त्याच्या आधी बोललात तर जवानाला काम माहीत नसतं, शब्द वाऱ्यावर जातात. फार उशिरा बोललात तर त्याचं अर्धं लक्ष बुटांच्या नाड्यांवर आणि मॅगझिनवर असतं. एकदा पलटण शेवटच्या जमण्याच्या जागी पोचली की बोलणं बंदच. तिथे खोकलासुद्धा महागात पडतो.

लाउडस्पीकर नव्हते तेव्हा हजारोंच्या फौजेला ऐकू कसं जायचं?

सगळ्यांना जायचंच नाही. प्राचीन ग्रीक-रोमन लढायांबद्दल अभ्यासकांत हा जुना वाद आहे: इतिहासकारांनी दिलेली लांबलचक भाषणं खरोखर झाली, की ती मागाहून लिहिली? पेलोपोनेशियन युद्धाचा इतिहास लिहिणाऱ्या थ्युसिडिडीसने स्वतःच कबूल केलंय की शब्दन् शब्द आठवणं अवघड होतं, म्हणून त्या प्रसंगी काय बोलणं योग्य ठरलं असतं ते त्याने लिहिलं. पटण्यासारखं चित्र असं की सेनापती रांगेसमोरून जात असे आणि प्रत्येक तुकडीपाशी दोन-तीन वाक्यं बोलून पुढे सरकत असे.

नेपोलियनने दुसरी वाट काढली, ती म्हणजे लेखी जाहीरनामा. १ डिसेंबर १८०५ ला, ऑस्टरलिट्झच्या लढाईच्या आदल्या दिवशी त्याने जो काढला त्यात एक गोष्ट विलक्षण आहे. त्याने साध्या शिपायाला बेत सांगून टाकला: शत्रू आपल्या उजव्या बगलेला वळसा घालायला निघेल आणि तसं करताना स्वतःची बगल आपल्यापुढे उघडी करील. वर हेही सांगितलं, की तुम्ही नेहमीसारखे लढलात तर मी मागे राहीन, पण विजय क्षणभर जरी डळमळला तरी मला पुढच्या रांगेत पाहाल. सेनापतीने पुढे येऊ नये म्हणून शिपायाने नीट लढायचं! अशी उलटी अट घालणारा माणूस शिपायाचं मन ओळखून होता.

चांगल्या बोलण्यात नेमकं काय असतं?

दुसऱ्या महायुद्धात बर्मातल्या चौदाव्या आर्मीचा सेनापती विल्यम स्लिम याचा अनुभव इथे सगळ्यात कामाचा. जपान्यांकडून सडकून मार खाल्लेली फौज त्याच्या हाती आली. तो जीपच्या बॉनेटवर उभा राहून भेटेल त्या तुकडीशी बोलायचा, कधी दिवसातून तीन-चार वेळा. त्याने लिहून ठेवलंय की वक्ता असण्याची गरज नाही. दोनच गोष्टी लागतात: आपण कशाबद्दल बोलतोय ते माहीत असणं, आणि त्यावर आपला स्वतःचा विश्वास असणं. बोलण्याचा मोठा भाग तो जेवण, पगार, रजा, बिअर, टपाल आणि मोहीम कुठवर आली यावर खर्च करायचा. मग शेवटी ध्येयाची गोष्ट. क्रम लक्षात घ्या. ज्याचं तीन आठवड्यांचं टपाल अडकलंय त्याला आधी टपालाचं सांगायचं, स्वातंत्र्याचं नंतर.

आता जवळून पाहू. एका टेकडीवर हल्ला करायचाय. तिची वाळूतली प्रतिकृती, म्हणजे सँड मॉडेल, जवानांना दाखवून झालीय. दोन्ही नमुने आम्ही रचलेले आहेत. पहिला:

‘जवानहो, आज इतिहास तुमच्याकडे पाहतो आहे. शत्रूला असा धडा शिकवा की त्याच्या सात पिढ्या विसरणार नाहीत. विजय आपलाच आहे!’

दुसरा:

‘टेकडी तुम्ही सगळ्यांनी सँड मॉडेलवर पाहिलीत. अवघड आहे. शेवटचे दोनशे मीटर उघडे आहेत, आडोसा नाही, म्हणून तिथे थांबायचं नाही. साडेचारला आपल्या तोफा सुरू होतील आणि वीस मिनिटं चालतील. मी पहिल्या प्लाटूनच्या उजव्या हाताला असेन. शेजारचा पडला तरी तुम्ही पुढेच जायचं. मागून स्ट्रेचर पार्टी येतेय, डॉक्टरसाहेब खाली ओढ्यापाशी आहेत. असलीच चढण आपण गेल्या महिन्यात रात्रीची तीनदा चढलो आहोत. कोई शक?’

दुसऱ्यात एकही टाळीचं वाक्य नाही. पण जवान तोंडाने विचारत नाही असे प्रश्न त्यात एकेक करून मिटवलेत. मरण कुठे जास्त जवळ आहे? शेवटच्या दोनशे मीटरांत. तिथे काय करायचं? थांबायचं नाही. साहेब कुठे असतील? माझ्याबरोबर. मी पडलो तर? माणसं ठरलेली आहेत. हे जमेल कशावरून? तीनदा जमलंय. भीती जात नाही, पण ती मोकाट फिरत नाही, तिला दावं लागतं. पहिल्या नमुन्यात यातलं काहीच नाही, आणि ‘विजय आपलाच’ हे वाक्य तर जवानाच्या मनात लगेच शंका उभी करतं: एवढं सोपं असेल तर साहेब एवढे ओरडतायत कशाला?

किती वेळ बोलावं? उभं कुठे राहावं?

कंपनी म्हणजे साधारण १२० माणसं. तीन ते पाच मिनिटं पुरेत. उघड्यावर, स्पष्ट, थांबत बोलताना मिनिटाला १२० शब्दांच्या आसपास वेग पडतो, म्हणजे तीन मिनिटांत साडेतीनशे शब्द. वाक्य दहा-बारा शब्दांच्या पुढे गेलं की मागच्या रांगेपर्यंत त्याचा शेवट पोचत नाही.

रांगा मोडून माणसं अर्धवर्तुळात जवळ घ्यावीत आणि पुढच्यांना खाली बसवावं. वारा बोलणाऱ्याच्या पाठीकडून ऐकणाऱ्यांकडे वाहत असावा. ऊन ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत येता कामा नये. आलंच तर ते बोलणाऱ्याने सोसावं. कागद हातात नको, पण वेळा, अंतरं आणि नावं पाठ हवीत. एका माणसाचं नाव चुकलं तर पुढची दोन मिनिटं ती फळी तेवढंच बोलत राहते.

भारी, घुमणारा आवाज लागतो का?

नाही. अमेरिकेच्या जनरल पॅटनचा आवाज चक्क पातळ आणि उंच पट्टीचा होता. १९४४ च्या मे-जूनमध्ये इंग्लंडमध्ये त्याने थर्ड आर्मीच्या वेगवेगळ्या तुकड्यांपुढे जवळपास तेच भाषण, कागद न घेता, पुन्हा पुन्हा केलं. ते शिव्यांनी भरलेलं होतं. अधिकृत मजकूर नाही. ऐकणाऱ्यांनी टिपलेल्या निरनिराळ्या प्रती आहेत. शिव्या त्याला शोभल्या कारण तो एरवीही तसाच बोलायचा. एरवी सोज्वळ बोलणारा अधिकारी लढाईच्या दिवशी अचानक शिव्या द्यायला लागला तर जवान गालातल्या गालात हसतात.

भीतीबद्दल, मरणाबद्दल उघड बोलावं का? की ते अपशकुनी?

बोलावं, पण त्याच्या पुढची सोय सांगूनच. १९ मार्च २००३ ला कुवेतमध्ये ब्रिटिश लेफ्टनंट कर्नल टिम कॉलिन्स रॉयल आयरिशच्या पहिल्या बटालियनसमोर आयत्या वेळी बोलले. रेकॉर्डिंग नव्हतं, हजर असलेल्या एका पत्रकार बाईंनी लघुलिपीत उतरवलं म्हणून ते टिकलं. त्यांनी सरळ सांगितलं की आपल्यातले काही जण कदाचित परतणार नाहीत, त्यांना त्यांच्या स्लीपिंग बॅगमध्ये ठेवून घरी पाठवू, आणि तेव्हा शोक करायला वेळ नसेल. इतकं उघड बोलून पुढे त्यांनी इराकची ओळख करून दिली, की हा जुना देश आहे, महापुराची आणि अब्राहमच्या जन्माची भूमी, इथे पाऊल जपून टाका. लढताना उग्र राहा, जिंकल्यावर उदार व्हा, विनाकारण मारलेला माणूस जन्मभर पाठ सोडत नाही, हेही सांगितलं.

अर्धं भाषण हात राखण्याबद्दल होतं, आणि ते युद्धाच्या तोंडावर केलेलं. चेव आणणं सोपं असतं. चेव आलेल्या माणसाला कुठे थांबायचं हे आधीच सांगून ठेवणं कठीण, आणि गोळीबार सुरू झाल्यावर ते सांगता येत नाही.

लाखोंच्या फौजेशी एकटा सेनापती कसा बोलणार?

दुसऱ्या महायुद्धात युरोपातल्या दोस्त फौजांचा सरसेनापती आयझेनहॉवर याने दोन गोष्टी केल्या. नॉर्मंडीच्या चढाईआधी सुमारे अडीचशे शब्दांचा एक पानी संदेश छापून सैनिकांच्या हाती दिला. त्यात काम सोपं नाही आणि शत्रू चांगला शिकलेला, सुसज्ज आणि कसलेला आहे असं स्पष्ट लिहिलं होतं. आणि ५ जून १९४४ च्या संध्याकाळी तो ग्रीनहॅम कॉमनच्या विमानतळावर १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनच्या छत्रीधारी सैनिकांत जाऊन मिसळला. तिथल्या प्रसिद्ध छायाचित्रात तो हात उंचावून आवेशाने काही सांगतोय असं दिसतं. गळ्यात २३ आकड्याची पाटी अडकवलेल्या ज्या लेफ्टनंटशी तो बोलत होता त्याच्या सांगण्यानुसार विषय होता गाव कुठलं आणि मासेमारी. त्याच दिवशी आयझेनहॉवरने चढाई फसली तर काढायची चार ओळींची चिठ्ठीही लिहून ठेवली होती, दोष सगळा माझा म्हणून. सैनिकांना ती कधी दिसली नाही.

भारतीय लष्करात हे कोणत्या भाषेत चालतं?

कामकाजाची भाषा हिंदी, पण सैनिकी हिंदी. तिच्यात निम्मे शब्द इंग्रजीतून घासून आलेले. ब्रिटिश काळात अधिकाऱ्याला हिंदुस्थानीची परीक्षा द्यावी लागे. आज कमांडिंग ऑफिसर सैनिक संमेलनात सगळ्या पलटणीशी एकत्र बोलतो. याला जुना शब्द ‘दरबार’. पण खरं समजावणं सुभेदार मेजर आणि बाकीचे जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) साहेब करतात, आणि सेक्शनमध्ये हवालदार-नाईक आपल्या बोलीत. साहेबांचं भाषण ऐकून जवान आधी सुभेदार साहेबांच्या चेहऱ्याकडे बघतो, हे विसरलेला अधिकारी फार काळ टिकत नाही.

युद्धघोषाचा खरंच उपयोग होतो का?

होतो, शरीराला होतो. ओरडताना श्वास सुटतो, अंगातला ताठरपणा मोडतो, अंधारात आपली माणसं कुठवर आली ते कळतं, आणि पाय एकाच वेळी उचलले जातात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचा ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’, महार रेजिमेंटचा ‘बोलो हिंदुस्तान की जय’, गोरख्यांचा ‘जय महाकाली, आयो गोरखाली’. प्रत्येक घोष त्या माणसाला भरती झाल्यापासून पाठ असतो, त्यामुळे त्या क्षणी विचार करावा लागत नाही. रात्रीच्या हल्ल्यात तो लवकर दिला गेला तर मात्र घात होतो. मशीनगनवाल्याला दिशा आयती मिळते. म्हणून शेवटच्या धावेपर्यंत तो गिळून ठेवायचा.

कारगिलमध्ये १३ जम्मू-काश्मीर रायफल्सने पॉइंट ५१४० घेतला तेव्हा फत्तेचा संकेत काय असावा हे कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांनी स्वतःच ठरवलं होतं. विक्रम बात्रांनी शीतपेयाच्या जाहिरातीतली ‘ये दिल मांगे मोर’ ही ओळ निवडली. ती वरून आलेली असती तर कदाचित हास्यास्पद वाटली असती.

मराठ्यांच्या इतिहासात अशी उदाहरणं आहेत का?

आहेत, पण ‘भाषण’ म्हणून शोधाल तर फारशी सापडणार नाहीत. बखरी एखाद-दुसरं वाक्य देतात, आणि बहुधा त्या वाक्याला एखादी कृती जोडलेली असते. फेब्रुवारी १६७० मध्ये सिंहगडावर तानाजी पडल्यावर मावळे मागे फिरले, तेव्हा सूर्याजीने उतरायचे दोर कापले आणि तुमचा बाप इथे मरून पडलाय, पळता कुठे, असं विचारलं, अशी परंपरा सांगते. शब्द तेवढेच पुरले कारण दोर खरोखर तुटलेले होते.

पानिपतावर तर बाजू उलटली. १३ जानेवारी १७६१ ला उपाशी फौज आणि सरदारच भाऊसाहेबांकडे आले: अन्नावाचून मरण्यापेक्षा लढून मरू. विडे वाटले गेले, शेवटपर्यंत लढायच्या शपथा झाल्या. आपण आज ‘विडा उचलला’ म्हणतो तो हाच रिवाज. इथे सेनापतीला कुणाचं मन वळवावं लागलं नाही. फौजेनेच त्याचं वळवलं.

आणि कुणी गीतेचं उदाहरण देतंच, म्हणून सांगून टाकतो. अर्जुनाला अठरा अध्याय ऐकायला सवड होती, कंपनीला नसते. पण तिथली एक गोष्ट घेण्यासारखी आहे: श्रीकृष्ण आधी अर्जुनाची शंका पूर्ण ऐकून घेतात.

सगळ्यात जास्त चुकतं कुठे?

पाळता न येणाऱ्या वचनात. नोव्हेंबर १९५० मध्ये कोरियात जनरल मॅकआर्थरने पोरं नाताळापर्यंत घरी जातील अशी आशा लावली. २४ तारखेला चढाई सुरू झाली, दुसऱ्याच दिवशी चिनी फौजा तुटून पडल्या आणि लांबच लांब माघार घ्यावी लागली. तारखेचं वचन शत्रूच्या हातात असतं; ते देऊ नये.

दुसरी चूक जिव्हारी लागेल असं बोलण्याची. उमराणीला शिवाजी महाराजांचे सेनापती प्रतापराव गुजरांनी विजापूरच्या बहलोलखानाला कोंडून सोडून दिलं, खान पुन्हा उलटला. बखर सांगते, महाराजांनी लिहिलं की त्याला मारून फत्ते करा, नाहीतर तोंड दाखवू नका. फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीच्या खिंडीत प्रतापराव सहा जणांनिशी खानाच्या फौजेवर गेले आणि सातही पडले. ठपका योग्यच होता. पण मानी माणसाला ‘तोंड दाखवू नका’ म्हटलं की तो काम कसं साधेल याऐवजी तोंड कसं लपेल याचा विचार करतो. तिखट बोलावं लागलं तर त्याच दमात पुढची पायरीही सांगावी: अमुक कुमक घे, तमुक दिवशी गाठ.

तिसरी चूक कायद्यात बसत नाही. जर्मन सम्राट दुसऱ्या विल्हेल्मने २७ जुलै १९०० ला ब्रेमरहाफेनला, चीनकडे निघालेल्या सैनिकांना सांगितलं की दया दाखवू नका, कैदी घेऊ नका, हूणांसारखं नाव करा. अधिकृत मजकुरातून ही वाक्यं गाळली, पण वार्ताहरांनी टिपलेली होती. पहिल्या महायुद्धात शत्रूंनी जर्मनांना ‘हूण’ हेच नाव ठेवलं. कुणालाही जिवंत सोडणार नाही असं जाहीर करणं १९०७ च्या हेग नियमांनी निषिद्ध आहे. असं बोलणारा अधिकारी स्वतः गुन्हेगार ठरू शकतो.

माघार घेणाऱ्या फौजेला एका भाषणाने थांबवता येतं?

भाषणाला हुकमाची जोड असेल तर. १३ ऑगस्ट १९४२ ला ब्रिटिश सेनापती मॉन्टगोमेरीने इजिप्तमध्ये आठव्या आर्मीच्या स्टाफला सांगितलं की इथेच उभं राहायचं, यापुढे माघार नाही. माघारीचे सगळे आराखडे जाळायला सांगितलेत. जिवंत राहता आलं नाही तर इथे मरून राहू. ‘माघार नाही’ हे याआधीही कुणी म्हणालं असेल. कागद जाळायचा हुकूम निघाला म्हणून ते खरं वाटलं. आपल्याकडे १९६२ च्या पराभवानंतर चौथ्या कोअरचा ताबा घेताना माणेकशॉंनी हेच फार कमी शब्दांत केलं: लेखी हुकमाशिवाय माघार नाही, आणि असा हुकूम कधी निघणार नाही.

भाषणामुळे लढाई जिंकली, असं म्हणता येईल का?

आम्ही म्हणणार नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सैनिकांवर झालेल्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा हेच दिसलं की माणूस तत्त्वापेक्षा शेजारच्या आठ-दहा जणांसाठी टिकून राहतो. ते नातं वर्षभराच्या सरावात, लंगरात, रजेच्या अर्जावर वेळेत झालेल्या सहीत जमतं. पाच मिनिटांत ते उभं करता येत नाही, असेल तर जागं करता येतं.

बोलूच नये अशी वेळ असते का?

असते. माणसं कसलेली असतील आणि काम त्यांना ठाऊक असेल तर गप्प बसावं. २१ ऑक्टोबर १८०५, ट्रॅफल्गारची समुद्रातली लढाई. ब्रिटिश आरमाराचा सेनापती नेल्सन याला निशाणांवरून संदेश द्यायचा होता की प्रत्येक जण आपलं कर्तव्य करील असा इंग्लंडला ‘भरवसा’ आहे. निशाणवाल्या अधिकाऱ्याने सुचवलं की भरवशाचा शब्द सांकेतिक कोशात नाही, अक्षर-अक्षर लावत बसावं लागेल; ‘अपेक्षा’ तयार आहे. नेल्सन हो म्हणाला, आणि जगप्रसिद्ध वाक्य निशाणं वाचवण्याच्या खटपटीत घडलं. दुसऱ्या रांगेचा प्रमुख कॉलिंगवूड मात्र ती निशाणं चढताना पाहून कुरकुरला: हा नेल्सन आता संदेश द्यायचे थांबवेल तर बरं, काय करायचं ते आम्हाला माहीत आहे. शत्रूच्या रांगेला सगळ्यात आधी भिडलं ते त्याचंच जहाज.